मामांच्या गाडीला गिऱ्हाईक आलं त्याची हकीकत

प्रिय सुगत भाऊजी,
सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आणि माधवीची साखर, दोन्हींबद्दल खरं काय ते कळवा. फोनवर तुम्ही दोघंही मजेत असल्याचं सांगता आणि मागून कण्हण्याचा आवाज येतो. इकडे तुमचे दादा ठीक आहेत. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात त्यांनी गाडी चालवली. लहान नव्हे, मामांची, म्हणजे तुमच्या वडिलांची. त्याचीच ही हकीकत आहे, म्हणून निवांत बसून वाचा.

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही वडिलांच्या त्या अमेरिकन गाडीवर जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. आजकालच्या गाड्या म्हणजे काडेपेट्या, ती गाडी म्हणजे जहाज, मागच्या सीटवर सात भावंडं मजेत झोपायची वगैरे. भावंडं पाच होती. (उरलेली दोन शेजारची. आणि झोपत नव्हतात, ओकत होतात. मी औरंगाबादला बी. ए. होऊन या घरात आले आणि मला पहिलं काम मिळालं ते ती सीट धुण्याचं.) तुमचं लिहिणं वाचून भाचे-पुतण्यांनी डोळ्यांत पाणी आलेली चित्रं पाठवली. सगळ्यांच्या आठवणी पुण्यात आहेत, भाऊजी. गाडी माझ्या घरी आहे. जिनिंगच्या शेटजींनी परभणी सोडताना ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे मामांना, बक्षीस दिली ती मोठ्या मनानंच दिली असेल. पण असली लांब वस्तू दुसऱ्याला देऊन गाव सोडणाऱ्या माणसाच्या हेतूबद्दल मला अजून शंका आहे.

मुद्दा असा की घरातली एकच जागा पक्क्या छताची, विजेची आणि कोरडी आहे, आणि तिथं ही गाडी झोपलेली असते. दुसरीकडे आपल्या गल्लीत निकिता आणि तिच्या बरोबरीच्या मुली पोलीस भरतीचा अभ्यास करायल्यात. घरात एक खोली, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे. परवा निकिता ज्वारीच्या कणगीमागे बसून गणितं सोडवताना मला दिसली. त्याच दिवशी मी महिला मंडळात उभं राहून सांगितलं की गाडी विकायची आणि त्या जागी मुलींची अभ्यासिका करायची. टाळ्या झाल्या. घरी येऊन तुमच्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, बरं. एवढंच. मग दुपारभर गाडी धुतली.

लातूरकडचे परमेश्वरराव म्हणून एक गृहस्थ जुन्या गाड्या गोळा करतात, त्यांना बोलावलं. सभ्य माणूस, साठीचा, विधुर. गाडीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, मागच्या पत्र्याच्या पंखांवरून असा हात फिरवला की मी दुसरीकडे बघितलं, आणि म्हणाले, चालवून दाखवा. आता तुम्हाला माहीत आहे, ही गाडी गल्लीत वळत नाही. एकदा निघाली की वेशीतून, मारुतीवरून, पूर्ण गाव ओलांडून सूर्यभान मालकांच्या दारापुढच्या मैदानात जाईल तेव्हाच वळणार. निघालो. तुमचे दादा पुढे एकटे (सुकाणू डावीकडे, बरा डोळाही डावीकडे, हे त्यांनी शुभ मानलं), मागे परमेश्वरराव आणि मी. पाहुणे येणार म्हणून मी इस्त्रीची साडी नेसलेली. काच वर जात नाही, धूळ येते, म्हणून मीच त्यांना डोक्याला बांधायला घरातला गुलाबी पंचा दिला. ही माझी एकमेव चूक. बाकी सगळी गावाची.

तुम्ही गाव सोडून बरीच वर्षं झाली, पण तीस वर्षं ही गाडी बाहेर पडली ती फक्त लग्नाला. आपल्या गल्लीतला प्रत्येक नवरदेव, प्रत्येक नवरी हिच्यातून गेली. पुढं पुढं बाकीचं गावही मागायला यायचं. गाडी निघाली म्हणजे लग्न, हे लोकांच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की पत्रिका आली नाही तरी ते आधी बाहेर येतात आणि मग विचारतात. पहिला भोंगा वाजला तेव्हा बँडवाला महारुद्र दाढी करत होता. तो अर्ध्या दाढीनं क्लॅरिनेट घेऊन पुढं धावत आला. मागे ताशा आला. दोन बायांनी चाकावर पाणी ओतलं. कोणीतरी परमेश्वररावांच्या गळ्यात हार घातला, आणि तो माणूस इतका सभ्य की त्यानं नमस्कार केला. झालं. मी थांबा, थांबा म्हणत होते, पण क्लॅरिनेटपुढे बी. ए.चा आवाज चालत नाही.

वेशीपाशी चांगुणाबाई आडव्या आल्या. पंच्याऐंशी उलटली त्यांची, पण नजर शाबूत. आधी त्यांनी गुलाबी पंच्याकडे बघितलं, मग माझ्या साडीकडे, मग पुढं सुकाणू धरलेल्या तुमच्या दादांकडे.

"सुकेशनी, आगं ह्या वयात? आन् भूषणलाच गाडी चालवाया लावलीस व्हय?"

मागे न बघता तुमचे दादा म्हणाले, "मलाबी आत्ताच कळायलंय, मावशी."

(पस्तीस वर्षं मास्तरकी करून या माणसानं वर्गात एक विनोद केला नाही. राखून ठेवला होता.) गाव हसलं, परमेश्वरराव लाजले, आणि त्या गोंधळात चांगुणाबाई दार उघडून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसल्या. जागा आहे हो, मान्य आहे. गाडी चालली तशा त्या परमेश्वररावांना सांगायला लागल्या. आपल्या गल्लीतल्या नवरदेवानं घोड्यावरून या रस्त्यानं जायचं नाही, असा पूर्वी इथला रिवाज. लगाम धरून घोडा परत फिरवायचे. मग दत्तरावांनी, म्हणजे आपल्या मामांनी, ही गाडी आणली. मालकांची माणसं आडवी आली की दत्तराव खाली उतरायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "गाडी वळत न्हाई, मालक. वळली आसती तर वळवली आसती." उलटी मागे घेता येत नाही का, तर तेही येत नाही. (तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, घरी आणल्यावर मामा हीच गाडी अंधारात, एका दमात, उलटी आत लावत.) लोकांना बाजूला व्हावंच लागायचं.

"पोराच्या लग्नात हिच्यात बसले," चांगुणाबाई म्हणाल्या, "तवा पयल्यांदा ह्या रस्त्यानं मान वर करून गेले. त्याच्या आदी नुसती जमीन बघितलेली."

परमेश्वररावांनी हार काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मैदानात आता कोणी अडवत नाही. सूर्यभान मालक स्वतः म्हातारे झालेत, त्यांनी आपली खाट ओढून जागा केली आणि लग्न कोणाचं ते विचारलं. तुमच्या दादांनी एका डोळ्यानं गाडी वळवली. मालकांच्या तुळशीची एक कुंडी गेली, तेवढी भरून देते म्हटलं.

तर परमेश्वररावांना गाडी पसंत आहे. ट्रक घेऊन येतो म्हणाले. मामांचे वारस म्हणून तुम्हा सगळ्या भावंडांची संमती लागेल, तुमच्या दादांनी आणि बाकीच्यांनी सही केली आहे, तुमची तेवढी राहिली. कागद सोबत जोडला आहे. भावनेत वाहून न जाता निर्णय घ्यावा, मुलींचा अभ्यास खोळंबला आहे.

माधवीला आशीर्वाद. रात्री जेवल्यावर चालत जा.

तुमची वहिनी,
सुकेशनी

ता. क. सोबतच्या कागदावर सही करू नका. त्याऐवजी मला उलट टपालानं एक कडक पत्र लिहा की वडिलांची गाडी विकू देणार नाही म्हणजे नाही. फोन नको, पत्रच हवं. मंडळात वाचून दाखवावं लागेल. तिथं टाळ्या घेऊन बसले आहे, माझा शब्द मला स्वतःला मागे घेता येत नाही, आणि तुमचे दादा मला विरोध करतील अशी आशा सेहेचाळीस वर्षांत सोडून दिली आहे. खुशाल दोन शब्द जास्त लिहा. मी रागावेन, मनावर घेऊ नका.

आणखी एक. सोमवारपासून मुली आतल्या जागेत बसतात. निकिता कणगीमागून निघाली ती थेट बल्बखाली. गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे आणि दादा तिच्या सावलीला खुर्ची टाकून तिला ऊन लागतं म्हणून सांगत असतात. तिच्यावर छप्पर करावं लागेल. टिनं तुम्ही पाठवा; घरात बसून आठवणी काढणाऱ्यानं एवढं करावं. माप लांब घ्या, शेपूट बाहेर राहतं. फक्त तुमचं नकाराचं पत्र आधी पोचू द्या आणि टिनं नंतर. उलटं झालं तर गाडी कोणी ठेवली ते गावाला कळेल.