पुडीचं पाणी

तामलवाडी,
वैशाख वद्य दशमी, शके १८७०

तीर्थरूप आण्णा यांस,
धाकटी बहीण कस्तुरा हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हे पत्र घोंगडीवाल्या दगडोबाच्या हाती देते आहे. टपालात टाकलं तर फोडून वाचतात. शिवाय तुम्ही कॅम्पात आहात हे पाकिटावर लिहून कुणाला कळवायचं नाही. दगडोबा घोंगडीच्या घडीत घालून निजामाच्या हद्दीपलीकडं नेईल.

नीलम्मावहिनी आणि मुलं उमरग्याला त्यांच्या माहेरी सुखरूप आहेत, निरोप आला होता. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. बांधावरचा आंबा यंदा चांगला धरला आहे, पण राखणीला माणूस नाही, पोरं कैऱ्याच पाडतात.

आपला बलभीम तुमच्यापाशी पोचला असेल, नाहीतर आज-उद्या पोचेल. तो काय सांगेल ते मला माहीत आहे. त्याला सांगू द्या. पण हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जागचे उठू नका. एवढं एक माझं ऐका.

तुम्ही सोलापूरहून धाडलेल्या पुड्या चैत्रातच मिळाल्या होत्या. वेशीजवळच्या आडाला तेव्हा तळ लागत आला होता. पोहरा वर यायचा तो निम्मा गाळ घेऊन. मायनं पहिली पुडी घागरीत टाकली, रवीनं ढवळली आणि वर फडकं बांधून ठेवली. फडकं काढलं तर आत घागरीचा तळ दिसत होता. मायला किती आनंद झाला म्हणून सांगू. तांब्यात पाणी घेऊन ती ओसरीवर बसायची आणि येईल त्याला दाखवायची, "माझ्या आण्णानं सोलापूरहून धाडलंय. बघा, दोडक्याच्या फुलाखालचं दव असतंय तसं हाय का न्हाय." पुडीवर छापलेलंही ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. अस्सल खनिजांपासून तयार केलेलं, पाण्यातील सर्व रोगजंतूंचा नाश करणारं, बालकांस व वृद्धांस निर्धोक.

मग लग्नाच्या एका वऱ्हाडाबरोबर गावात पटकी आली. आधी गुंडप्पा लोहाराच्या घरातली माणसं गेली, मग खालच्या आळीत रोज रडणं ऐकू येऊ लागलं. तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यातून एक नर्स बैलगाडीनं आली. सरदारबी नाव. उंच बाई, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, बोलणं फटकळ. नवरा लालमहंमद टांगा हाकायचा, तो मागेच वारला. नाकाबंदीमुळं दवाखान्यात औषध उरलेलं नाही. तिच्याजवळ होता तो विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा एक डबा.

गावानं तिच्याशी सरळ तोंडानं बोलणं सोडलं होतं. रझाकारांनी शेजारच्या गावात काय केलं ते ताजं, आणि ही सरकारी माणूस, वर मुसलमान. कुणी पाट दिला नाही की पाणी विचारलं नाही. ती मारुतीच्या पाराखाली बसली, आपली भाकरी खाल्ली आणि घरोघर फिरू लागली. जिथं माणूस पडलेलं, तिथं न विचारता आत शिरायची, घाण काढायची आणि मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजायची. शिव्या खाऊनही पुन्हा त्याच दारात जायची. मी असं माणूस पाहिलेलं नव्हतं, आण्णा.

आपल्याकडं आली तेव्हा मी तिला तुमची पुडी दाखवली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. दोन तांबे मागितले, दोन्हींत आडाचं पाणी घेतलं आणि एकात पुडीतली चिमूट टाकून ढवळलं. गाळ खाली बसेपर्यंत ती तिथंच पाय पसरून बसून राहिली.

"चीज चांगली हाय," ती म्हणाली. "मला मिळाली तर ढीगभर नेईन. तुरटी असंल, वर कसली तरी माती. पोटाला अपाय न्हाय, बेताबेतानं टाकली तर."

"म्हंजे हे पाणी चालतंय," मी म्हटलं.

"गाळ गेला, बाई. बिमारी गेली का? थोडी गाळासंगट खाली गेली असंल. बाकीची पाण्यातच. ती दिसत न्हाय, म्हून तर लोक फसतेत."

"पण सगळे जंतू मरतेत असं छापलंय की."

"छापणाऱ्यानं तामलवाडीचं पाणी पिऊन बघितलंय का?" मग म्हणाली, "मलाबी समदं कळतंय असं न्हाय. पण दवाखान्यात म्या नितळ पाणी पिऊन आलेली माणसं मरताना बघितलीत. हे टाका, पाणी निवळू द्या, मग उकळून प्या. माझं लाल औषधबी गढूळ पाण्यात वाया जातंय. गाळच त्याला खाऊन टाकतोय."

ती गेल्यावर मायनं नाक मुरडलं. म्हणाली, "माझ्या लेकानं धाडलेल्यात खोट काढतीया." उकळायला सरपण कुठून आणायचं हाही प्रश्न होताच, तुऱ्हाट्या संपत आल्या होत्या. माय पुडीचंच पाणी पीत राहिली. मीही तेच प्याले. माझं काही बिघडलं नाही, हे असं का, ते देवाला ठाऊक.

आण्णा, इथवर आलं की हात थांबतो. सकाळपासून दोनदा उठले. पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेलं नाही, ते तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. आपली माय गेली. सप्तमीला, ऊन चढायच्या आत. तुमचं नाव घेऊन गेली. अग्नी बलभीमनं दिला.

आता तो तुम्हाला काय सांगत असेल ते मी सांगते, आणि खरं काय ते पण सांगते.

सरदारबीनं आडात लाल औषध टाकलं त्या सकाळी पाणी जांभळट झालं. बायका पोहरे टाकून पळाल्या. "आडात विष कालवलं," अशी हाकाटी झाली आणि बलभीम चार-पाच जण घेऊन काठ्यांसकट धावत आला. सरदारबी आडाच्या कठड्याला टेकून उभी. तिनं पळायचं मनात आणलं नाही.

"रंग फिका गुलाबी होईपातूर थांबा," ती म्हणाली. "मग उपसून प्या. आधी पिऊ नगा, घसा चरचरंल."

"तूच पी की," बलभीम म्हणाला.

ती थांबली आणि रंग उतरल्यावर पोहरा काढून ओंजळीनं पाणी प्याली. बलभीम म्हणाला की हिनं उतारा आधीच घेतला असेल. गर्दी पुढं सरकली. तेवढ्यात मागून माय आली, तांब्या घेऊन. शिवाशिव पाळणारी, सरदारबीनं ओसरीला हात लावला तर गोमूत्र शिंपडणारी आपली माय. ती म्हणाली, "सरा बाजूला. म्या म्हातारी हाय. इख असंल तर माझ्यापास्नं कळू द्या, तरण्याताठ्या बाईच्या अंगावर काठ्या कशाला?" आणि सरदारबीच्या हातचा पोहरा आपल्या तांब्यात ओतून घेऊन ती घटाघटा प्याली.

मी तिला नंतर विचारलं, का केलंस? ती म्हणाली, "ती खालच्या आळीत पोरांची घाण काढती. इख घालणारी बाई घाण काढत न्हाय."

त्याच दिवशी दुपारी माय पडली.

बलभीमच्या लेखी मग शंकाच उरली नाही. आडाचं पाणी प्याली आणि पडली. माणसं ओसरीवर येऊन बसली. म्हातारी गेली तर सरदारबी गावाबाहेर जिवंत जाणार नाही, असं मोठ्यानं बोलत होती, आत ऐकू जावं म्हणून. गाडीवाला मागच्या दाराशी आला होता. मी मायपाशी बसलेल्या सरदारबीला म्हटलं, "जावा बाई तुम्ही." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मायचे पाय चोळत म्हणाली, "हिचे पेटके कोण चोळणार मग?"

मायनं पहाटेपासूनच पोट बिघडलेलं लपवलं होतं. म्हणजे तांब्या घेऊन आडावर आली ती दुखणं अंगात असतानाच. सरदारबीनं विचारल्यावर तिनं कबूल केलं. बिमारी आत शिरून एक-दोन दिवस तरी झाले असतील, असं सरदारबी म्हणाली. मायला तेव्हाच उमगलं की आपण ह्या दिवसांत प्यालो ते कुठलं पाणी.

आण्णा, तिनं आम्हा दोघींचे हात धरले. म्हणाली, "पुडीचं आण्णाला कळू देऊ नगा. मायेनं धाडलंय त्यानं. जलमभर मनाला लावून घेईल." मी मान डोलावली. सरदारबी म्हणाली, "न्हाय सांगणार, आम्माँ."

मग मायनं बलभीमला आत बोलावलं आणि सांगितलं, "म्या आधीपास्नंच आजारी व्हते, बाळ्या. हिचा दोष न्हाय." त्यानं विचारलं, "आजारी व्हतीस तर कशानं?" मायनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानं सरदारबीकडं पाहिलं. बाहेर काठ्या. एक वाक्य बोलली असती, 'तुमच्या आण्णासाहेबाच्या पुडीचं पाणी पीत होती', की सुटली असती. ते खरंही होतं. तिनं ओला फडका पिळून मायच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "पेज आणा, कोमट." रात्रभर ती तशीच बसून होती. दवाखान्यातलं शिरेतून द्यायचं पाणी केव्हाच संपलं होतं, ते असतं तर माय वाचती, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

माय गेल्यावर बलभीम ढसढसा रडला. चुलत असला तरी मायच्याच ताटात जेवून वाढलेला आहे, त्याला वाईट समजू नका. गुंडप्पा लोहार आणि खालच्या आळीतल्या बाया येऊन दारात बसल्या म्हणून त्या दिवशी हात उचलला गेला नाही. पण अग्नी देऊन झाल्यावर तो म्हणाला, "आण्णा येईल, त्यो बघंल," आणि तुमच्याकडं निघाला.

म्हणून मी मायचा शब्द मोडते आहे. मायनं मागितलं ते तुमच्या काळजासाठी. पण त्यात एका बाईचा जीव जात असेल तर मायलाही ते चाललं नसतं.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. पुडी खोटी नाही. तिला जेवढं येत होतं तेवढं तिनं केलं, आम्ही तिच्यावर जास्तीचा भार टाकला. सरदारबी तर म्हणते, बिमारी कुणाच्या घरी खाल्लेल्या घासातूनही आली असेल, कुणाला शपथेवर सांगता येत नाही. आता ती उरलेल्या पुड्या मागून घेऊन रांजणात टाकते, पाणी निवळवते, वरचं नितळ उपसून घेते, मग त्यात लाल औषधाचा कण, अगदी गुलाबी दिसेल इतपतच. ज्यांच्याकडं सरपण आहे त्यांना उकळायला लावते. आपल्या आळीत नवं माणूस पडलेलं नाही. औषधानं की साथच ओसरली, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मला न्हाय ठाऊक. पण डबा संपेपातूर टाकत ऱ्हाणार."

ती अजून गावातच आहे. खालच्या आळीतली माणसं उठेपर्यंत जाणार नाही म्हणते. तुम्ही आलात तर माय गेल्याच्या दुःखानं या. दुसरं काही मनात घेऊन येणार असाल तर आधी मला ओलांडावं लागेल.

तुमचीच, आता मायबाप म्हणून तुम्हीच उरलेले आहात अशी,
कस्तुरा

⁂

कॅम्प,
ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

सरदारबी यांस,
आण्णासाहेबाचा सलाम.

आपली ओळख नाही. कस्तुराचं पत्र दगडोबानं मला वाटेत गाठून दिलं. मी निघालोच होतो, आणि कशासाठी निघालो होतो ते तुम्हाला माहीत आहे, लिहीत नाही. तिथंच बांधावर बसून वाचलं. मग बलभीमला वाचून दाखवलं. त्यानं काठी तिथंच टाकली आणि आम्ही कॅम्पात परतलो.

तुम्ही मायला दिलेला शब्द पाळलात. कस्तुरानं मोडला, तिच्यावर राग धरू नका. मला कळायला हवं होतं.

त्या पुड्या मी कॅम्पातही वाटल्या होत्या. इथल्या डॉक्टरांना एक दाखवली. त्यांनीही तुम्ही म्हणालात तेच सांगितलं, की गाळ बसवायला उत्तम, पण त्यानं पाणी निर्धोक झालं असं धरून चालू नये. आता आम्ही आधी पाणी निवळवतो आणि मग ब्लीचिंग पावडर घालतो. आमची पोरं कुरकुरतात, वास येतो म्हणून. मी उभा राहून पाजतो.

बलभीमच्या हाती ब्लीचिंग पावडरचे डबे पाठवतो आहे. हद्दीवर औषध पलीकडं जाऊ देत नाहीत, आमचेच लोक अडवतात. ते कसं न्यायचं हे त्याचं त्यानं ठरवलं आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं माप झाकणावर लिहिलं आहे. तुमच्या अंदाजात ते जास्त वाटलं तर तुमचं खरं धरा. डबे तामलवाडीत संपवू नका, जिथं साथ असेल तिथं न्या, गाव कुणाचं का असेना. बलभीम गाडी हाकेल. तो तुमच्याबरोबर राहील आणि तुमच्या अंगाला कुणी बोट लावणार नाही.

मायजवळ शेवटी मी नव्हतो. तुम्ही होतात. मी गावी येईन तेव्हा तिच्याबद्दल तुमच्याकडूनच ऐकायचं आहे, ती काय बोलली, पाणी किती मागितलं, सगळं. तोवर जपून राहा.

मायचा, धुरपदाबाईचा थोरला,
आण्णासाहेब