डाव्या कुशीचे बंद

मी, ग्वो शिचुआन, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा शिंपीकाम, राहणार छ्वानचौ, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागाने माणूस वेडा ठरत नाही.

राहते घर व मागचे अंगण माझी मुलगी श्वेलान हिला मिळावे. कात्री, इस्त्री आणि शिलाई यंत्रही तिलाच. भावाला विचारायची तिला गरज नाही.

दुकानाची पाटी कोणाला देता येत नाही, कारण ती माझ्याकडे राहिलेली नाही. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना माझा एकुलता मुलगा यीहेंग याने ती उतरवून, माझ्या नावासकट, एका कारखानदाराला विकली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मला पहिल्यांदा स्वच्छ दिसले ते हे. आता त्या कारखान्यातून लग्नाचे लांब अंगरखे गठ्ठ्यांनी निघतात. कॉलरला माझे नाव आणि बंद डाव्या कुशीला! जिवंत माणसाचा अंगरखा उजव्या कुशीला बांधायचा, मेलेल्याचा डाव्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी यीहेंगला जाब विचारला.

"अरे, नवरदेवांना मढ्याचे कपडे घालतोस?"

"बाबा, बाजू कोण बघतंय? फोटो काढला की झालं."

"आणि नाव कोणाचं?"

"तुमचंच की! फुकटात प्रसिद्धी."

शिंप्याच्या पोटी जन्मून हे बोलला. परक्याने केसाने गळा कापला असता तर सोसले असते. पोटच्या पोराने कापला, ते सोसवत नाही.

माझा अखेरचा अंगरखा मी शिवून पेटीत ठेवला आहे. बापाला चढवण्याआधी ते कपडे मुलाने स्टुलावर उभे राहून स्वतः घालायचे, आपल्या अंगाची ऊब त्यांना द्यायची, ही आमची रीत. शेजारी म्हणतील, यीहेंगचा हा मान काढून घ्या. मुळीच नाही. श्वेलानने त्याला भर गल्लीत स्टुलावर चढवावे आणि डाव्या कुशीचे बंद त्याने स्वतःच्या हाताने बांधावेत. ती बाजू कोणाची, हे तेव्हा तरी त्याला कळेल.

अंगरखा त्याला तोकडा होईल, ही चिंता नको. त्या भांडणानंतर तो घरी फिरकलेला नाही, तरी मी कापड त्याच्याच मापाने बेतले आहे. मला ढगळ झाले तरी चालेल.

साक्षीदार: लाय तेशुन, चहावाले
साक्षीदार: चुआंग मेईयिन, शेजारीण

सही: ग्वो शिचुआन
छ्वानचौ, १४ नोव्हेंबर २०१८