केतकीचे हात

मंगळवार, संध्याकाळ. जयपूर.

विद्याधर नगरच्या डॉक्टरबाईंकडून आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. केतकीच्या हातांची सालं निघालीत. बारावीतली मुलगी, नळापासून हलत नाही. याला ओसीडी म्हणतात म्हणे, तीच भीती आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. आम्ही आपले टापटिपीची आवड समजत होतो!

"आमच्या सारख्या बदल्यांमुळे झालं का?" मी विचारलं. हे फौजेत, त्यामुळे एका गावात रुजेपर्यंत दुसरं गाव. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकच कारण नसतं. मेंदूची ठेवण, घराण्यातला कल, ताण, सगळं मिळून होतं. दोष कुणाचाच नाही."

गोळ्या सुरू केल्यात. पण खरी परीक्षा घरीच. भीती वाटली तरी तिने हात न धुता थोडं थोडं थांबायला शिकायचं. आणि तिने "स्वच्छ आहेत ना?" विचारलं, तर मी "हो" म्हणायचं नाही; त्याने घटकाभर बरं वाटतं, पण भीती आणखी मुरते म्हणे. हा कसला उपचार? आईने धीरही द्यायचा नाही?

मघाशी जेवायला बसताना तिने हात पुढे केले. लाल, भेगाळलेले. "आई, साफ आहेत ना? मतलब, एकदाच सांग."

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. "तुला भीती वाटतेय, दिसतंय मला. मी इथेच बसलेय," एवढंच म्हणाले.

ती रडली, माझ्यावर ओरडली. नळापर्यंत गेली, नुसतीच उभी राहिली, परत आली. मग त्याच हातांनी तिने पोळी तोडली. तो घास तिच्या घशाखाली उतरला, तेव्हा कुठे मी माझ्या ताटाला हात लावला.