तेजोमेघावर फिरलेलं पातं

सोलापूर,
फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप आबासाहेब मामांना कुंडलिकचा दंडवत. तुमची कंबर आता उसाच्या सरीत वाकू देते का? मामींचा खोकला, म्हशीचं दूध आणि करकंबचे शेजारी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आईची तब्येत उत्तम आहे (म्हणजे माझ्यावर ओरडायला दम पुरतो). तुमची वच्छलाही तिच्या आत्याकडे, म्हणजे आमच्याकडे, मजेत आहे, मास्तरीण व्हायचा अभ्यास जोरात चाललाय.

अकलूजच्या स्थळाला दाखवायला तुम्ही तिचा फोटो मागवलात आणि गालावरचं जन्मापासूनचं लासं दिसता कामा नये असं बजावलंत. उशीर का झाला ते सांगतो, पण सुरुवात मृग नक्षत्रापासून करावी लागेल. रागावू नका.

मृगाच्या पोटात घुसलेला बाण तुम्ही पाहिला आहे. त्याच्या जरा खाली एक धुरकट पुंजका असतो, त्याला तेजोमेघ म्हणतात. त्याचा फोटो काढायची मला खोड लागली (विज्ञान शिकवणाऱ्याला एवढी चालते). जुन्या बाजारातल्या कॅमेऱ्याचं भिंग काढून टाकलं आणि उरलेला डबा माझ्या छोट्या दुर्बिणीला पत्र्याच्या पट्टीनं आवळला. आई म्हणते, चांगला कॅमेरा आंधळा केला. पण आकाश सरकत राहतं, म्हणून फोटो होईस्तोवर कुणीतरी शेजारी बांधलेल्या दुसऱ्या नळीत डोळा घालून, एक तारा आत ताणलेल्या उभ्याआडव्या केसांवर धरून दुर्बिणीचा स्क्रू फिरवत बसावं लागतं. ते काम वच्छला करते. (केसही तिचेच. माझे आखूड पडले.) जेवणं झाल्यावर वीज गेली की गल्ली शिव्या घालते आणि आम्ही दोघं गच्चीवर पळतो. आई जिन्यात बसलेली असते, काळजी नसावी.

फिल्म धुवायला बिरप्पाच्या स्टुडिओत दिली. लग्नाळू मुलींच्या फोटोतले देवीचे वण घालवण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नाही. फोटो आला तो तारे लखलखीत आणि मध्ये नुसतं काळंभोर आकाश. बिरप्पा शाबासकीची वाट बघत म्हणाला, "मास्तर, मदी लई मोठा डाग हुता. पात्यानं खरवडून साफ केला बघा."

मला रडू आलं, मामा, खोटं कशाला सांगू. मग मी त्याला दम भरला की आमच्या घरचं काहीही आलं तरी त्याला पातं लावायचं नाही. त्याच आठवड्यात वच्छला फोटो काढायला गेली. बिरप्पा शब्दाचा पक्का, लासं जसंच्या तसं आलं.

तुमच्या हुकमाप्रमाणे मी तिची निगेटिव्ह घेऊन परत गेलोही. बिरप्पानं पातं बाहेर काढलं आणि माझ्या हातून ती सुटेचना. लासं गेलं की उरेल ती कुणी भलतीच मुलगी, असं वाटलं आणि तसाच घरी आलो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कुंडलिक

ता. क. : एवढं पाल्हाळ लावलं ते पुढचं लिहायला धीर होईना म्हणून. अकलूजकरांना नकार कळवा. वच्छला मला द्या.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी वच्छलानं पत्र वाचलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. म्हणते, "अकलूजला कुणी न्हाईच की. तुमी तोंड उघडावं म्हणून आबांनी काढलेलं स्थळ हाय ते." मामा, हे खरं असलं तर उलट टपाली लग्नाची तिथी कळवा.