रफू केलेली टाच

वॅगा, ऑस्ट्रेलिया
मार्च १९१८

फ्रान्समधल्या बाई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. पायदळातला माझा नवरा क्लॅरी तिकडे लढाईत पडला. काल त्याचं सामान आलं. मी विणून धाडलेल्या मोज्यांच्या टाचा कुणीतरी रफू केल्यात. घरी त्याने कधी बटणसुद्धा लावलं नाही. मग कुणाच्या चुलीपाशी बसून मोजे काढत होता तो?

एवढं लिहिलं, तोवर सासरे आले. लोकरीचे गठ्ठे शिवण्यात जन्म गेला त्यांचा. त्यांनी हे पत्र वाचलं, मोजा उलटा केला नि म्हणाले, "कसली बाई घेऊन बसलीस, एडिथ? हा गठ्ठ्याचा टाका आहे. मीच शिकवलाय त्याला."

तुम्ही असतात तर बरं झालं असतं, बाई. कुणीतरी होतं त्याच्याजवळ, असं तरी वाटलं असतं.

क्लॅरीची बायको,
एडिथ