गारठलेला हात

प्रिय,

एवढा एक शब्द लिहून मघापासून बसलेय. खोडावा तर कागद खराब होतो, ठेवावा तर माझीच मला लाज वाटते. राहू दे. पाकिटावरचं माझं वेडंवाकडं अक्षर पाहून तू ते न उघडताच फाडलं नसशील, तर एवढं कर, शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडलास तर खुशाल शिव्या घाल, पण पुन्हा उचल आणि वाच.

तुला इथून जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले. लोक अजून बोलतात. परवा किराणावाल्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालंच, पेटीपाशी बसून झोपा काढणाऱ्याच्या जिवावर कोणी डोंगर चढू नये. तुझी आई तिथेच होती. पिशवी तशीच टाकून निघून गेली. मला पाहिलं की ती रस्ता ओलांडते. ओलांडू दे, मी त्याच लायकीची आहे. मोडलेल्या लग्नाबद्दल बोलत नाहीये मी. ते कशाबद्दल, ते सांगायलाच बसलेय, पण सरळ सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून आधी इकडची हकिकत सांगते.

कारखाना आहे तसाच आहे. तपासणीच्या टेबलाला एक पाय नवीन बसला, माझ्या शेजारी एक नवी मुलगी आली, आणि बर्फाची बादली तीच आहे, पोचे पडलेली. तू त्या बादलीला किती हसायचास! यंत्र तपासायचं तर हाक्याचं हँडल फिरवून बघावं, त्यासाठी आधी दहा मिनिटं डावा हात बर्फात कशाला बुडवायचा, म्हणायचास. आमच्या मिस्त्रींचा नियमच तो. डोंगरावर थंडीत सेल मरतात, म्हणून तर हाताने चावी द्यायचा हा हाक्या. तळहाताएवढी डबी, बाजूला घडीचं हँडल. फिरवलं की आतली स्प्रिंग भरते, आणि ती सुटेपर्यंत वीस मिनिटं खालच्या पेटीत टक् टक् हाक ऐकू येते. पण वर माणूस अडकतो तेव्हा त्याचा हात काही गरम चहाचा कप धरलेला नसतो. म्हणून गारठलेल्या, त्यातही डाव्या हाताने जे फिरलं तेच पास. मिस्त्री म्हणायचे, ऊबेत बसून कुणीही पैलवान होतं.

आणि आपल्याला एकमेकांचा हात आवाजावरून कळायचा, आठवतं? आतला खटका प्रत्येक फेऱ्याला कट् करतो. तुझा हात घड्याळासारखा, एकसारखा. माझा दर पाच फेऱ्यांनी थबकणारा. आणि आमच्या बारक्याचा म्हणजे नुसती घाई. कटकटकटकट, आणि झालं ताई, दे इकडे. मिस्त्री ओरडायचे, घोड्यावर बसून आलायस का रे? माझा एकुलता एक भाऊ, सव्वीस वर्षांचा, पण जेवायलाही घोड्यावरच.

शोधपथकाने तिसऱ्या दिवशी त्याचा देह डोंगरावरून खाली आणला. चौकशी संपल्यावर त्याचं सगळं सामान आईने मागून घेतलं. मफलर, डबा, हवामानाच्या नोंदींची वही आणि हाक्या. वहीतली शेवटची नोंद चार वाजून दहा मिनिटांची, तीही अर्धवट. आईने सगळं बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मांडलं, आणि कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. तू मला दुरुस्त करून दिलेली जुनी पेटी आतल्या खोलीत आहे. ती टाकून द्यायला मला जमलं नाही.

दीड महिन्यापूर्वी, एका मंगळवारी दुपारी ती पेटी वाजली. चार वाजून दहा मिनिटांनी. जेमतेम मिनिटभर. मला वाटलं, रस्त्याने कुणीतरी हाक्या घेऊन चाललं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी मी रजा टाकून फळीसमोर स्टूल घेऊन बसले. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. तिची बोटं सांधेदुखीने इतकी आखडलीत की तिला भाकरीचा तुकडा मोडत नाही, तेव्हा तिच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती. चार वाजून दहा झाले. हँडल घडी घालून जिथल्या तिथे होतं, तसूभर हललं नाही. पण आतून आवाज आला. कट्. मग बराच वेळ काही नाही. कट्. मी डबी उचलली. माझ्या मुठीत ती आतून आवळत चालली होती रे, मला कळत होतं. बाहेर उकाडा, आणि डबीचं पत्र्याचं अंग असं गार की बोटं चिकटावीत. नऊ-दहा वेळा कट् झालं आणि आतल्या खोलीत पेटी बोलायला लागली.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, डबी टाकून अंगणात पळाले. परत आले तेव्हा आई तशीच बसून होती. दमलाय गं तो, म्हणाली, मध्ये मध्ये थांबतोय बघ. जशी काही जिन्यावरून कुणाच्या चढण्याची चाहूल लागावी. त्या दिवसापासून ती रोज साडेतीनलाच केस विंचरून बसते.

मी मनाची समजूत घातली, की हा आमच्या बारक्याचा हात नव्हेच. त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. हा कुणीतरी भलताच, म्हातारा, जड हात आहे. या समजुतीवर मी जवळजवळ पाच आठवडे काढले. डबी कपाटात कोंडली, पिठाच्या डब्यात पुरली, पेटीची वायर उपटली. वायर उपटल्यावर पेटी गप्प बसली, पण कपाटातून कट् कट् येतच राहिलं, आणि आई कपाटाच्या दाराला कान लावून उभी राहिली. मी वायर परत जोडली. आईला तसं उभं राहिलेलं बघवेना.

शेवटी मी ती डबी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेली. म्हटलं, चार माणसांत असले चाळे बंद होतील. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तपासणीच्या फळीवरच्या अठराच्या अठरा पेट्या एकदम वाजायला लागल्या. नवी मुलगी विचारत सुटली, अहो, कुणाचं चालू राहिलंय? मिस्त्री चष्मा कपाळावर चढवत आले. त्यांना शोधावं लागलंच नाही, सरळ माझ्या पिशवीपाशी आले. पेट्या वाजत होत्या तरी आत चावी भरणं चालूच होतं. त्यांनी डबी कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, हा हात गारठलेला आहे. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि मला विचारलं, पोरी, स्प्रिंग कुठली आहे यात?

दोन वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता ऐक.

तो वर जायच्या आदल्या दिवशी त्याचा हाक्या माझ्या टेबलावर होता. मला आपलं राहून राहून वाटत होतं, वीस मिनिटांत काय होतंय? धुकं असलं, खाली तू दुसऱ्या कामात असलास, वीस मिनिटं अशी निघून जातील. मी कपाटातून टेबलावरच्या मोठ्या यंत्राची जाड स्प्रिंग काढली आणि घासून, वाकवून त्या डबीत बसवली. चाळीस मिनिटांची हाक. माझ्या भावाला सगळ्यांपेक्षा दुप्पट. आणि बादलीत हात घातला नाही. विसरले नाही, घातला नाही. कारण मला ठाऊक होतं, ही पास होणार नाही. ऊबेतल्या ऊबेत दोन्ही हातांनी फिरवून पाहिली आणि दिली. त्याने फिरवली आणि हसला. ताई, हा तर बैल आहे, म्हणाला. मी म्हटलं, मग तू हो की शेतकरी. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

तो सापडल्यावर हवामान कार्यालयाने डबी तपासायला कुणाकडे दिली असेल? माझ्याकडेच. हँडल उघडलेलं होतं आणि मुठीला त्याच्या तळहाताची कातडी चिकटलेली होती. मी आत पाहिलं. स्प्रिंगला चार फेरे दिलेले. ती जाड स्प्रिंग नऊ-दहा फेरे घेतल्याशिवाय यंत्राला चालवतच नाही. चार फेऱ्यांच्या पुढे त्याचा हात चालला नव्हता.

मग चौकशीची ती खोली. तू उभा राहून एकच सांगत होतास, साहेब, मी पेटीपासून हललो नाही, हाक आलीच नाही. आणि त्यांनी मला विचारलं, यंत्र ठीक होतं का? मी म्हणाले, माझ्या हातून तपासून गेलंय. एवढंच म्हणाले. यंत्र ठीक, हँडल उघडलेलं, म्हणजे हाक दिली होती, म्हणजे ऐकणारा झोपला होता. पुढचं गणित त्यांनीच केलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाच्या पायाकडे पाहत राहिले. झाकली मूठ म्हणतात ना, ती मी अशी झाकली की तुझी नोकरी गेली, गाव गेलं, आणि तुझी अंगठी मी पाकिटात घालून परत पाठवली, वर लोकांनी मलाच बिचारी म्हटलं.

मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी बादलीत बर्फ भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. तोवर स्प्रिंग सुटून पेट्या गप्प झाल्या होत्या. मी दहा मिनिटं डावा हात बुडवला, मग हँडल धरलं. पहिला फेरा. दुसरा. तिसऱ्याला मनगट कळवळलं. चौथ्याला मूठ माझ्या कातडीसकट फिरली, आणि पाचवा काही केल्या होईना. मी रडत होते, दात आवळून ओढत होते, पाचवा झाला नाही. मिस्त्री म्हणाले, बस कर आता. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, फाईल बंद झाली, आता कशाला उकरताय? मी म्हटलं, तुम्ही शिक्का मारेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही. दुपारी तीनपर्यंत बसले. माझा जबाब लिहून घेतला, शिक्का मारला. त्याची प्रत सोबत आहे, नीट जपून ठेव. कारखान्यातून मला काढलं, ते ठीकच आहे. आईलाही सांगितलं. तिने आखडलेल्या बोटांनी, दातांची मदत घेत माझ्या हाताची पट्टी सोडून पुन्हा बांधली आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मला वाटलं होतं, आता थांबेल. जबाब दिला त्या दिवशी चार वाजून दहाला मी फळीसमोर हात जोडून बसले. थांबलं नाही. त्या दिवशी एकोणचाळीस मिनिटं वाजली, काल पुरी चाळीस. आज पुन्हा पहिल्यापासून, एकच मिनिट. आणि ते वाजत असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो मला हाक मारतच नाहीये. साहेबांनाही नाही. त्या दिवशी खाली पेटीपाशी ज्याला बसवून तो वर गेला होता, त्याला मारतोय.

म्हणून आज पाच वाजता तुझ्या आईच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. मी पायऱ्या उतरले तोवर ते पुन्हा उघडलं आणि तिने तुझ्या पत्त्याचा कागद माझ्या हातात कोंबला. म्हणाली, तूच लिही त्याला, माझं तो ऐकत नाही. हल्ली तोच म्हणतो, आई, लागला असेल गं माझा डोळा, एवढे सगळे म्हणतात तर लागलाच असेल. मी सगळं सोसलं असतं रे, पण हे ऐकून तिथेच पायरीवर बसले. मला क्षमा करू नकोस, उत्तरही लिहू नकोस. फक्त हे वाच, आणि रोज उठून वाच. तुझा डोळा लागला नव्हता. तू दिवसभर जागा होतास, कान देऊन बसला होतास. हाक आलीच नाही.

एके काळी तुझी होते, ती