येतो मग

वोडोंगा,
२२ ऑगस्ट २०२०

चित्रलेखाताई,
नमस्कार. तुम्ही आणि बाळ सुखरूप असाल.

मी सारंग, मूळचा सांगलीचा. तुम्ही मला ओळखत नाही. सिडनीतल्या केलीव्हिलचा तुमचा पत्ता लाडवांच्या डब्यावर होता. इथे थंडी मरणाची आहे. कोरोनामुळे व्हिक्टोरियाची हद्द बंद झाल्यापासून मी हद्दीवरच्या पुलावर सिक्युरिटीत आहे. परमिट बघायचं, नसेल तर गाडी परत पाठवायची. लोक शिव्या देतात, थुंकतात. एकाने तर गरम कॉफी तोंडावर फेकली.

जुलैत, भर दुपारी, तुमचे बाबा मेलबर्नकडच्या ट्रुगानिनाहून आले. परमिट आदल्याच दिवशी संपलेलं. माझं मराठी ऐकून खुलले, शिक्षणाची चौकशी केली. "मुलीचं बाळंतपण आहे रे, सोड की." मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, "इथे येऊन मास्टर्स केलंस आणि झालास काय, तर वॉचमन!" माझ्याबरोबरच्या डॅरेनला कुठलं मराठी कळायला? तरी माझे कान तापले.

मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. डबा माझ्या हातात दिला. "जमलं तर तिला कुरिअर कर. बरं, येतो मग." आणि गाडी वळवायला घेतली.

"व्हॉट्स ही सेइंग, मेट?" डॅरेनने विचारलं.

"ही सेज ही इज कमिंग."

डॅरेनने दार उघडून त्यांना कॉलर धरून खाली ओढलं. स्टॉपच्या पाटीचा दांडा डोक्यात घातला, पाठीत घातला, पुन्हा डोक्यात. चष्मा फुटून काच डोळ्यात गेली. "अरे, परतच चाललो होतो ना," ते मला सांगत होते. मी डबा धरून उभा.

पोलिसांना मी सांगितलं, हे बॅरिअर तोडून घुसत होते. डोळा गेला त्यांचा आणि केसही त्यांच्यावरच.

भाषांतर चुकलं, असं महिनाभर स्वतःला समजावलं. चुकलं नव्हतं, ताई. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हाताऱ्याची जरा जिरवावी, एवढंच मनात होतं. हलकट आहे मी.

परवा जबाब बदलतोय. नोकरी जाईल, इथे कायमचं राहायचा पीआरही लटकेल. लटकू दे. डबा सोबत पाठवलाय. लाडू खवट झाले असतील, खाऊ नका.

बाबांना एवढं सांगा, चौदा सप्टेंबरला कोर्टात मी

येतो.

सारंग